सातच्या बातम्यांमधला शब्द

१९ जानेवारी

बंदर पडलं. तारेच्या कागदावर 'पडलं' असं कुठंही लिहिलेलं नाही. 'आपल्या सैन्यानं शिस्तीत माघार घेतली' असं आहे. दोन महिन्यांतली ही चौथी शिस्तीतली माघार. आता मूळ कागद न बघताही मी हे वाक्य लिहू शकेन.

मी रेडिओ केंद्रात बातम्यांचं भाषांतर करते. तार पलीकडच्यांच्या भाषेत येते, मी ती आपल्या भाषेत उतरवते, साहेब सही करतात आणि खर्जसाहेब वाचतात. पलीकडचे म्हणजे समुद्रापलीकडून येऊन साठ वर्षं आपल्यावर राज्य करणारे. घराघरात त्यांचं एवढंच नाव. लढाई त्यांची आणि त्यांच्याएवढ्याच दुसऱ्या एका बड्या देशाची आहे. आपल्याला त्यात कुणी विचारून घेतलेलं नाही.

जुने कागद रोज जाळायचा हुकूम आहे. पण मागची बाजू कोरी असते आणि कोरा कागद जाळायचं माझ्या जिवावर येतं. दुपारची बातमी गेली की सातच्या बातम्यांची तार येईपर्यंत तासभर मोकळा असतो, तेव्हा हे लिहिते.

माझा धाकटा भाऊ त्याच बंदरात आहे. पलीकडच्यांच्या फौजेत ट्रक चालवतो. भरती झाला तेव्हा म्हणाला होता, "ताई, ट्रक कुणाचा का असेना, चालवायला तर मिळतोय." बंदराचं नाव आईला सांगितलेलं नाही. धाकटीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ठाऊक आहे. ती लष्करी शर्टांच्या कारखान्यात काजं करते. काल मी बातमी सांगितली तर म्हणाली, "वन्सं, शिस्तीत म्हणजे ट्रक घेऊन की ट्रक टाकून?"



२२ जानेवारी

भाजीवाली म्हणाली, "बाई, तुमच्या त्या वाक्यानं नुसता धुमाकूळ घातलाय. काल आमचे हे पिऊन आले आणि दारातच आडवे झाले. म्हटलं, हे काय? तर म्हणे, शिस्तीत माघार घेतली."

रांगेतल्या सगळ्या हसल्या. पहारेकरी पाच पावलांवर उभा होता आणि तोही हसला. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्यांचं नाव काढताना याच बायका पदर तोंडावर घ्यायच्या. ते हरू शकतात हे या लढाईआधी कुणाच्या गावीही नव्हतं. मी कांदे न घेताच घरी आले.

२५ जानेवारी

खर्जसाहेबांचा घसा बसलाय. सकाळपासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालल्या आहेत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण तेवीस वर्षं खर्जात बोलून हेच नाव पडलं. माणूस निरुपद्रवी. कॉलर कडक, बूट लखलखीत. काय वाचतो याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं, कसं वाचतो हीच काळजी. एकदा मी विचारलं, "कालची जहाज बुडाल्याची बातमी ऐकून घरचे घाबरले असतील ना?" तर म्हणाले, "कोणतं जहाज? पण 'बुडालं'मधला 'डा' कसा लागला होता सांगा."

साहेबांनी आज परत परिपत्रक वाचून दाखवलं. मूळ मजकुरात जिथं जिथं 'अवर' आहे तिथं 'आपलं'च लिहायचं. लढाई सुरू झाली तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्या भाषेत दोन शब्द का? आम्ही आणि आपण?" मी सांगितलं, 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये तोही येतो. साहेब खूश झाले. म्हणाले, "मग आपण. नेहमी आपण." त्यांनी आपली भाषा पुस्तकातून शिकलेली आहे. मनापासून शिकलेत, एवढं म्हणायला हवं. तेव्हापासून आपलं सैन्य, आपली विमानं, आपल्या पाणबुड्या. पाणबुडी मी जन्मात पाहिलेली नाही.

२८ जानेवारी

धाकट्याच्या तुकडीतला एक जण घरी आला होता. डाव्या हाताला कोपरापासून पुढं काही नाही. माघारीच्या आधीच जखमी झाला म्हणून रुग्णांच्या जहाजातून आला, नाहीतर तोही तिथंच असता. पुढचं त्यानं जहाजाच्या कठड्यावरून पाहिलेलं.

धक्क्यावर तीन जहाजं लागली. आधी पलीकडचे चढले. मग त्यांच्या पेट्या. मग त्यांच्या अधिकाऱ्यांचे घोडे. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना हुकूम झाला, ट्रक जाळा आणि थांबा, चौथं जहाज येतंय. त्यांनी ट्रक जाळले आणि थांबले.

"चौथं आलं?" धाकटीनं विचारलं.

"मी होतो तोवर नाही." तो चहाच्या कपाकडं बघत बोलत होता. "डोंगरातले, किनाऱ्यावरचे, दक्षिणेकडचे, सगळे एका रांगेत उकिडवे बसले होते. एरवी एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारे लोक. एकाच बाटलीतून पीत होते. आपलं काय होणार, आपलं काय होणार, एवढंच चाललं होतं."

आई आतून म्हणाली, "कोण आलंय गं?" मी म्हटलं, विम्याचा माणूस.

३ फेब्रुवारी

विशेष काही नाही. डोकं जड आहे. आईला ताप, धाकटी तीन दिवस जेवलेली नाही, दोघींपुढं ताट धरून मीच थकते. सातच्या बातम्यांसाठी बंदराचीच तार आहे, सैन्य सुखरूप आणल्याची. एकच वाक्य होतं. लिहून दिलं. पेनाची निब मोडली, नवी मागायला भांडारात गेले तर भांडार बंद.

साहेबांनी सही केली.

४ फेब्रुवारी

माझ्या हातून चूक झाली.

काल मी घरी पोचले तेव्हा बातम्या संपल्या होत्या. धाकटी रेडिओसमोर तशीच बसली होती. माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि काही न बोलता ताट वाढून घेऊन जेवली. मला वाटलं, चला, जेवली तरी.

आज सकाळी कळलं. मूळ वाक्य असं: आपलं सगळं सैन्य बंदरातून सुखरूप बाहेर काढण्यात आलं आहे. माझ्या कागदावर होतं: त्यांचं सगळं सैन्य बंदरातून सुखरूप बाहेर काढण्यात आलं आहे. खर्जसाहेबांनी ते सगळं वजन देऊन वाचलं. 'त्यांचं' आणि 'सगळं' या दोन्हींवर थांबून.

थकव्यानं होतं असं. परवा मी साखरेच्या डब्यात मीठ ओतलं होतं.

शहरभर हेच. पानपट्टीवर, पाण्याच्या नळावर, रॉकेलच्या रांगेत. "खर्जसाहेबांनी तोंडावर सांगितलं त्यांच्या." बारा तासांत ते शूर ठरले. आईला ताप असूनही हसू आलं. म्हणाली, "कुणीतरी ध चा मा केला म्हणायचा." मी म्हटलं, "चुकून झालं असेल." ती म्हणाली, "तेव्हाही तसंच म्हणाले असतील."

६ फेब्रुवारी

केंद्राच्या फाटकाबाहेर बायका जमल्या आहेत. काल चाळीस होत्या, आज मोजता येत नाहीत. ट्रकवाल्यांच्या, खलाशांच्या, हमालांच्या बायका, आया. 'त्यांचं आलं, आपलं कुठंय?' एवढंच ओरडतात. कुणी शिकवलं नाही, कुणी पुढारी नाही. खिडकीतून खाली पाहिलं तर तिसऱ्या ओळीत धाकटी. कारखान्याचा खाडा करून आली आहे. डोंगरी पेहरावातली एक म्हातारी तिच्या खांद्याला धरून उभी होती.

धाकटीनं वर पाहिलं. मी खिडकीतून मागं झाले.

७ फेब्रुवारी

खर्जसाहेबांना नेलं.

सकाळी ते माझ्या टेबलाशी आले होते. चेहरा उतरलेला. "बाई, मी नक्की काय वाचलं हो? लोक पाया पडायला येताहेत. मी कागदावर होतं तेच वाचलं ना?" मी म्हटलं, हो. एवढ्यात दोन शिपाई आले. खर्जसाहेबांनी मफलर घेऊ का विचारलं, घशासाठी. घेऊ दिला.

मग साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर माझा कागद, माझं अक्षर, खाली त्यांची सही. दार त्यांनी स्वतः लावलं.

"हा कागद चौकशीपुढं गेला तर तुम्हीही जाल आणि मीही," ते म्हणाले. "गेला नाही, तर वाचणाऱ्यानं मनानं शब्द घातला असं होईल."

"ते निर्दोष आहेत."

"मला माहीत आहे."

"माझ्याकडून चुकून झालं, साहेब."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग काडी ओढली आणि कागद राखदाणीवर धरला. कागद हळू जळतो. मी हात पुढं करून तो घेऊ शकले असते, एवढा वेळ होता. मी उभी राहिले. राख झाल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून दुसरा निवेदक येईल. हळू वाचतो. वाक्यं लहान ठेवा."

मी 'ठीक आहे' म्हणाले. मी तसं का म्हणाले, कळत नाही.

११ फेब्रुवारी

भिंतींवर खडूनं 'त्यांचं' लिहिलेलं दिसतं. पोलीस पुसतात, लोक परत लिहितात. एके ठिकाणी नुसता अनुस्वार उरला होता.

२० फेब्रुवारी

खर्जसाहेबांच्या पत्नी घरी आल्या. दोन वर्षांत मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, केंद्राच्या वर्धापनदिनी. पायताणं दारात काढून अगदी कडेला बसल्या.

"बाई, एकच विचारायचंय. तो कागद आहे का कुठं? मिळाला तर ह्यांना सोडतील असं वकील म्हणतो."

आई आणि धाकटी तिथंच होत्या. मी म्हटलं, "वहिनी, कागद रोज जाळतात. हुकूम आहे तसा."

खोटं एकही अक्षर नव्हतं.

त्या मान डोलावत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौकशीवाल्यांनी दुसरंही सांगितलंय. रेडिओवर माफी वाचून दाखवा, चुकून झालं म्हणा, लगेच घरी जा. हे तयार नाहीत."

"का?"

"बाहेर रोज लोक जमतात, ह्यांच्या नावानं घोषणा देतात. आत ऐकू येतं." त्या जरा हसल्या. तसं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. "तेवीस वर्षं कसं वाचलंत एवढंच विचारलं सगळ्यांनी. काय म्हणालात असं आत्ता पहिल्यांदा कुणी विचारतंय."

धाकटी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी तुम्हीच होता ना कामाला?"

"साहेब शेवटचं बघतात," मी म्हटलं.

९ मार्च

गेले तीन रविवार ठरवते आणि मोडते. आज तुरुंगात जाऊन आले. वहिनींनी मला त्यांची बहीण म्हणून नोंदवलं होतं.

मधे जाळी. ते बारीक झालेत, पण ताठ बसतात. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून शेजारचे कैदी बोलायचं थांबतात. मला म्हणाले, "बाई, इथं मला रोज सात वाजता बोलायला सांगतात. बातम्या नसतात. लोकांना जे वाटतं ते सांगतो. डोंगराकडचा एक आहे, त्याला आपली भाषा नीट येत नाही, तोही ऐकतो."

मी पुढं सरकले. "तुम्हाला सांगायला आले होते. तो शब्द मी लिहिला होता. चुकून. मी साहेबांकडं जाते, लेखी देते, तुम्हाला सोडतील."

 कॉलर नव्हती तरी त्यांचा हात कॉलरीकडं गेला.

"मला माहीत होतं," शेवटी म्हणाले. खर्ज कुठल्या कुठं गेला होता, साधा म्हाताऱ्याचा आवाज. "मी कशाला असं काही मनानं वाचेन? पण बाई, हे बाहेर कुणाला सांगू नका. हात जोडतो."

"तुम्हाला पाच वर्षं होतील."

"होऊ द्या. पण चुकून झालं असं म्हणू नका. निदान तेवढं तरी."

परत येताना बसमध्ये जागा मिळाली, तरी मी उभीच आले. मला मोकळं वाटायला हवं होतं. कारण तो माणूस स्वतःच नको म्हणाला. सुंठीवाचून खोकला गेला.

१४ जुलै

चार महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं तेव्हा अंगात त्राण नव्हतं.

मला आता शत्रूचं रेडिओ केंद्र ऐकायचं काम दिलं आहे. कानाला यंत्र लावायचं आणि टिपून साहेबांना द्यायचं. ते आपल्या भाषेत बोलतात. 'बंधूंनो, आपण एक आहोत. आपला जमीन, आपलं रक्त.' व्याकरण कच्चं आहे. जमिनीला पुल्लिंगी करतात. तिथंही कुणीतरी माझ्यासारखी बसलेली असणार, परक्याच्या कागदावरून उतरवून काढणारी. तिचा चहाही निवत असेल.

खर्जसाहेबांचं वाक्य ते रोज सांगतात. 'तुमच्याच केंद्रानं कबूल केलं.' पकडलेल्या आपल्या माणसांची एक मुक्तिसेना त्यांनी उभी केली आहे.

आज युद्धकैद्यांची नावं वाचली. अडतिसावं धाकट्याचं. पुढं वडलांचं नाव, गल्ली, सगळं बरोबर. मुक्तिसेनेत गेला की छावणीत राहिला ते सांगितलं नाही. पुढची सहा नावं माझ्याकडून टिपायची राहिली.

शत्रूचं ऐकून घरी सांगणं हा गुन्हा आहे. नळावर पाणी भरताना धाकटीला सांगितलं. तिनं बादली खाली ठेवली आणि नळ तसाच वाहू दिला. रांगेतल्या बायका एरवी केस धरतात, आज कुणी बोललं नाही. माझ्याही आधी त्यांना कळलं असावं.

२ मे, पुढचं वर्ष

लढाई संपली. पलीकडचे जिंकले. जिंकलेल्या माणसांचा चेहरा असा असतो हे मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडं कोळसा नाही, पाव रांगेत मिळतो, आणि आपल्याकडं फाटकाबाहेर आता नुसत्या बायका नाहीत, गिरण्या, बंदरं, शाळा, सगळे. वर्षअखेर ते जाणार. खर्जसाहेब सुटले. मिरवणूक आमच्या रस्त्यावरून गेली. आईला खिडकीशी खुर्ची दिली.

१७ सप्टेंबर

साहेब आज गेले. त्यांची खोली मीच आवरायला लागले. पुस्तकं खोक्यात भरली. आपल्या भाषेचं व्याकरण त्यांनी वरती ठेवायला सांगितलं, प्रवासात वाचायला. आता कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

ते म्हणाले, "त्या दिवशी, बंदराच्या तारेबरोबर मलाही एक तार आली होती. खासगी. माझा मुलगा त्याच धक्क्यावर होता. शेवटच्या माणसांना जहाजावर चढवून मागं राहिलेला."

 साडेतीन वर्षं त्यांच्या टेबलावर एका मुलाचा फोटो होता आणि मी कधी विचारलं नव्हतं. "म्हणून तुम्ही न वाचता सही केलीत," मी म्हटलं.

"वाचून केली, बाई," ते म्हणाले. "वाक्य पूर्ण खरं नव्हतं. पण माझ्याकडच्या मूळ वाक्यापेक्षा बरंच खरं होतं."

मग त्यांनी दोरी मागितली, खोकं बांधायला. गाठ त्यांना जमेना, मी बांधून दिली.

हे त्यांनी मला आत्ता का सांगितलं? चूक ती चूकच. त्यांनीही चूक केली असं म्हणू हवं तर.

२६ नोव्हेंबर

खर्जसाहेब प्रसारणमंत्री झाले. केंद्राला नवी पाटी लागली. तारा आता आपल्याच भाषेत येतात, त्यामुळं मला काम नाही. नुसतं शुद्धलेखन बघते. डोंगरी जिल्ह्यांनी वेगळा कारभार मागितला आहे, तिथं सैन्य पाठवलंय. 'आपलं सैन्य' असं येतं. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासते आणि पुढं देते.

३ डिसेंबर

धाकटा येतोय. तारेनं यादी आली. आईला सांगितलं, तर म्हणाली, "विम्याचा माणूस कळवून गेला का?" म्हणजे तिला तेव्हापासून सगळं माहीत होतं.

८ डिसेंबर

जहाज दहाला लागलं. बँड होता, मांडव होता. आधी मुक्तिसेनेचे लोक उतरले, एकूण एकतीस. फुलं, टाळ्या. मंत्र्यांचं भाषण झालं. आवाज पूर्वीचाच, भरदार. त्या दिवशी कागद हाती आला तेव्हा आपण क्षणभर थांबलो, तुरुंग डोळ्यांपुढं आला आणि मग निश्चयानं एक शब्द बदलला, असं त्यांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथंच थबकली. मी टाळ्या वाजवल्या. ते पुढं बोलू लागले.

बाकीच्यांना समारंभ आटपेपर्यंत जहाजावर थांबायला सांगितलं होतं. अडीच वाजता उतरले तेव्हा मांडव सोडायला घेतला होता. धाकट्याला धाकटीनं आधी ओळखलं, मी नाही. केस पांढरे. एकोणतीस वर्षांचा आहे. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "तू बारीक झालीस," आणि ती उन्हात उभ्या उभ्या रडली.

घरी आईनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. तो जेवला, झोपला. झोपेत गिअर बदलल्यासारखा हात हलवतो.

१० डिसेंबर

आज सकाळी आई आणि धाकटी नळावर गेल्या होत्या. आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, मुक्तिसेनेत का नाही गेलास? सगळीकडं त्यांचंच कौतुक चाललंय.

"आणखी एक गणवेश नको वाटला," तो म्हणाला. "शर्टांचं मेलं काय, लुटीतले, हिच्याच कारखान्यातले असतील."

मग बराच वेळ चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"आमच्या छावणीतले सुरुवातीला कुणीच गेले नाहीत. लोक म्हणायचे, चौथं जहाज आलं असेल, वादळानं अडकलं असेल, आपल्याला टाकून कसे जातील? मग एक दिवस छावणीच्या अधिकाऱ्यांनी आवारात रेडिओ लावला. आपल्याच केंद्राचं वाक्य, खर्जसाहेबांच्या आवाजात, रेकॉर्ड करून ठेवलेलं. 'त्यांचं सगळं सैन्य.' तीनदा लावलं. त्या संध्याकाळी दोनशे दहा जणांनी नावं दिली. माझ्या शेजारी झोपायचा तो डोंगऱ्यासुद्धा. त्याला आपली भाषा धड येत नव्हती. मला विचारलं, ह्याचा अर्थ काय? मी सांगितला. सांगायला नको होता."

"मग?"

"एकतीस उतरले ते पाहिलंस ना तू."

खाली कुणीतरी जिन्यावरून बादली आपटत चाललं होतं. मी म्हटलं, "तो शब्द खर्जसाहेबांचा नव्हता. मी लिहिला होता."

तो माझ्याकडं बघतच राहिला. रागानं नाही. रस्ता चुकलाय का हे बघताना बघतात तसं.

"चुकून?"

"नाही," मी म्हणाले.

म्हणाल्यावर मला ऐकू आलं. तुझा मित्र अर्धा हात घेऊन चहा पीत बसला होता, घोडे चढले म्हणून सांगत होता, आणि सहा दिवसांनी तो कागद माझ्यापुढं आला, एवढंच पुढं सांगता आलं. निब मोडली होती तेही सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक.

धाकट्यानं कप विसळून पालथा ठेवला. "खरं तेच लिहिलंस," तो म्हणाला. "खोटं नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "त्या डोंगऱ्याची आई वर डोंगरात असते. तिकडं आता आपली फौज आहे, जाऊ देत नाहीत. पत्र जाईल म्हणतात. तू लिही. मला नाही येत लिहिता."

११ डिसेंबर

सकाळपासून बसले आहे. तिला वाचून दाखवणाऱ्याला आपली भाषा यायला हवी, म्हणून वाक्यं लहान ठेवायची. 'तुमचा मुलगा' इथपर्यंत आलं आहे. दोन कागद गेले. धाकटा दारात येऊन विचारून गेला, झालं का. मी म्हटलं, बस जरा, तो कसा होता ते आधी सांग मला. तो माझ्याजवळ येऊन बसला आहे आणि सांगतो आहे, समुद्राला किती भ्यायचा ते.